पाटीमागचे भाडेकरू

खोली बघायला गेलो तेव्हा शेठजींनी मला आधी खोली दाखवलीच नाही. दुकानासमोर भर रस्त्यात उभं केलं, वर बोट केलं आणि विचारलं, “या पाटीच्या मागे कोण राहतं?”

पाटी त्यांच्या मिरचीच्या दुकानाची होती. पत्र्याची, लांबलचक, उन्हाने रंग उडालेली. पाटी आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट होती. मी म्हटलं, “तिथे कोण राहणार?”

“म्हणजे तुम्हाला दिसत नाही. दिसत नाही आणि नाही, यात फरक असतो साहेब.”

मी साहेब नाही, साधा कारकून आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात फटीतून काहीतरी खाली पडलं. पडता पडताच त्याला पंख फुटले, एका रिक्षाच्या टपावरून ते वळलं आणि विजेच्या तारांमध्ये नाहीसं झालं. मागून दुसरं, मग तिसरं. अंगठ्याएवढी वटवाघळं. आपल्याकडे त्यांना पाकोळ्या म्हणतात. शाळा सुटून नातवंडं बाहेर पडताना दिसावीत तसा शेठजींचा चेहरा खुलला होता.

“हे तुमच्या आधीपासूनचे भाडेकरू,” ते म्हणाले. “रात्री गॅलरीत दिवा लावायचा नाही. पाटीला खिळा ठोकायचा नाही. बाकी कांदा, लसूण, बटाटा, अंडी यांचं काय ते घरातले सांगतील.”

अशी मला खोली मिळाली. खाली दुकान, वर शेठजींचं घर, त्याच्या वर गच्चीवरची माझी खोली. मी सांगलीकडचा. पाटबंधारे खात्यात होतो आणि बदली होऊन नंदुरबारला आलो होतो. मुलाच्या शाळेमुळे बायको-मुलगा तिकडेच राहिले, याचं मला सतत अपराधी वाटायचं. तसं मला सगळ्याचंच वाटतं. ऑफिसात कोणाचं पेन हरवलं तर मी आधी स्वतःचा खिसा तपासतो. अशा माणसाने जैन घरात भाड्याने राहणं म्हणजे काय, हे पुढे येईलच.

शेठजींच्या घराण्याला राजस्थानातून येऊन पिढ्या झाल्या होत्या. घरात मारवाडी, दुकानात अहिराणी, सुरतच्या व्यापाऱ्यांशी गुजराती आणि माझ्याशी पुस्तकी मराठी, असा त्यांचा हिशेब. वटवाघळांविषयी बोलताना मात्र चारही भाषा एकदम निघायच्या. धंदा धाकटा भाऊ बघायचा. शेठजी गल्ल्यावर बसायचे ते दिवस मावळेपर्यंत, आणि शेवटचा तासभर त्यांचं लक्ष गल्ल्यात नसायचंच. गळ्यात दुर्बीण. तिचा पट्टा केव्हाच तुटला होता, त्याऐवजी गोणी शिवायची सुतळी ओवलेली. एखादं मोठं गिऱ्हाईक भाव ठरवत असताना शेठजी मधूनच उठून रस्त्यावर जायचे. दुकानातला जुना हमाल हाका मारायचा, “शेठ, गिऱ्हाईक उभं शे!”

“गिऱ्हाईक थांबी रे,” शेठजी मान वर करूनच म्हणायचे, “हाई थांबाव नई.”

नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथाऱ्या आहेत. गावाबाहेर मोकळ्या रानावर लालभडक मिरची नजर पोहोचेल तिथपर्यंत पसरलेली असते. शेठजी संध्याकाळी तिथे जायचे, कारण वर आभाळ मोकळं मिळतं. यातून एक वेगळाच घोटाळा झाला. पथारीवरच्या बाया शेठजींना वर बघताना पाहून घाबरायच्या. मिरचीवर पाणी पडलं की माल गेला, आणि मिरचीचा व्यापारी आभाळाकडे इतका वेळ दुसऱ्या कशासाठी बघणार?

“शेठ, वर काय दखी ऱ्हायनात? पानी येस का?”

शेठजी ऐकायचेच नाहीत. मग एक बाई पळत सुटायची, तिला बघून दुसरी, आणि बघता बघता सगळ्या ताडपत्र्या ओढायला लागायच्या. आभाळ स्वच्छ, आणि खाली धावपळ. शेवटी बाजारातल्या इतर व्यापाऱ्यांनी त्यांच्या भावाकडे निरोप पाठवला की शेठजींनी वाटेल तिथे जावं, पण आमच्या पथारीवर आले तर खाली बघून चालावं.

त्यांनी मला वटवाघूळ ओळखायला शिकवलं. शिकवण्याची पद्धत त्यांची स्वतःची होती. आधी उड्डाण बघायचं, मग कान, मग नाक, आणि नाव सगळ्यांत शेवटी. “लोक आधी नाव विचारतात,” ते वैतागून म्हणायचे. “नाव कळलं की बघायचं थांबतात.” उड्डाणं त्यांनी बाजाराच्या भाषेत लावून ठेवली होती. नदीकाठच्या चिंचेवर लटकणारी मोठी, फळं खाणारी वाघळं, कावळ्यापेक्षाही मोठी, ती सावकाश आणि सरळ जातात. कुठे जायचं ते त्यांचं ठरलेलं असतं. ते जुने व्यापारी. पाकोळ्या दर दोन हातांवर वळतात. ते दलाल, जिकडे बोली तिकडे वळणार. आणि पडक्या सराईत एक जात होती, तिला उंदरासारखी लांब मोकळी शेपटी. ती खालीवर हेलकावे खात जायची. त्यांना शेठजी नुसतं ‘शेपटीवाले’ म्हणायचे आणि त्यांच्याविषयी आदराने बोलायचे.

लेंडी ओळखायचा धडा मी विसरणार नाही. गॅलरीच्या कठड्यावरून त्यांनी काळं दाण्यासारखं काहीतरी उचललं आणि मिरचीची प्रत बघतात तसं दोन बोटांत चुरडलं. “बघा, भुगा झाला. आत चमचम दिसते ना? किड्यांचे पंख. म्हणजे पाकोळी. उंदराची असती तर चुरडली नसती.” मग त्याच बोटांनी त्यांनी मला सुपारी दिली. नाही म्हणणं मला जमलं नाही. मी ती खाल्ली.

माणसंही ते याच पद्धतीने ओळखायचे. मला हे फार उशिरा कळलं. मी आठवड्यातून एकदा स्टेशनजवळच्या गाडीवर भुर्जी खायचो. घरात अंडं आणत नव्हतो, म्हणजे नियम मोडत नव्हतो, पण मन खात होतं. म्हणून खाल्ल्यावर मी गावातून लांबचा फेरा मारून, चार वेळा चूळ भरून मग घरी यायचो. एकदा राहवेना. मी शेठजींसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी दुर्बीण खाली केली.

“साहेब, तुम्ही फळं खाणाऱ्यांतले नाही हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.”

“वास आला का?”

“मिरचीच्या धंद्यात नाक कुठलं शाबूत राहतं? तुमचं उड्डाण बघितलं. जाताना स्टेशनकडे सरळ जाता. येताना वळत वळत येता. फळं खाणारा असा येत नाही.”

खाण्यावरून त्यांच्या घरात रोजचं भांडण होतं. शेठजी सूर्यास्तानंतर काही खात नसत, पाणीसुद्धा नाही. घरातले सगळेच हे पाळायचे, पण बाकीचे भिंतीवर लावलेल्या, गावातल्या सूर्यास्ताच्या रोजच्या वेळा छापलेल्या कार्डावर चालायचे, आणि शेठजी पाकोळीवर. ते गॅलरीकडे तोंड करून जेवायला बसत. पहिली पाकोळी बाहेर पडली की हात थांबला. एकदा पावसाळ्यात ढग दाटून आले, पाकोळी लवकर निघाली आणि शेठजी अर्ध्या जेवणातून उठले. थोड्या वेळाने ढग फाटले आणि बाहेर लख्ख ऊन पडलं. भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ताट घेऊन परत आल्या.

“सुणो हो? सूर्य परत आला. बसा.”

“तुमचा आला असेल. माझा मावळला.”

“आणि तुमचे लाडके काय खातात? रात्रभर किडे! जीव!”

हा घाव शेठजींच्या वर्मी बसायचा. त्यावर त्यांनी बराच विचार केलेला होता. वाघळांच्या त्यांनी पंगती पाडल्या होत्या. मोठी वाघळं फळं खातात, म्हणजे खाणं आपलं, पण वेळ चुकते. पाकोळ्यांची वेळही चुकते आणि खाणंही चुकतं, पण मच्छर कमी करतात. आणि एक जात बेडूक, उंदीर, प्रसंगी दुसरी वटवाघळंही खाते. तिचं नाव ते घरात उच्चारू द्यायचे नाहीत. ती दिसली तर फक्त “ते” म्हणायचे आणि दुर्बीण दुसरीकडे वळवायचे. पण दुसरीकडे वळवण्याआधी बराच वेळ बघून घ्यायचे, हे मी पाहिलं आहे.

मोलगीचा प्रकार तर अख्ख्या बाजाराला माहीत आहे. डोंगरात वाघळं कुठे लटकतात हे विचारायला शेठजी मला घेऊन जीपने सातपुड्यातल्या मोलगी गावच्या आठवडी बाजाराला गेले. तिथे एकेका म्हाताऱ्याला हाताने पंख करून दाखवत त्यांनी चौकशी केली. कोणत्या झाडावर, किती असतात, कोणत्या महिन्यात जास्त. लोकांनी नीट उत्तरं दिली. शेठजी खूश होऊन परतले. त्यांच्या लक्षात एकच गोष्ट आली नाही. व्यापाऱ्याने कशाची चौकशी केली की त्या वस्तूचा बाजार उघडतो.

पुढच्या आठवड्यात डोक्यावर टोपली घेऊन एक माणूस दुकानाच्या पायरीशी आला.

“शेठ, माल आणला.”

“काय आहे? चारोळी? मोहाची फुलं?”

त्याने वरचं फडकं सरकवलं. आत एक वाघूळ होतं, कानांच्या कडा पांढुरक्या. शेठजींचा श्वास अडकला, आधी आनंदाने आणि मग दुःखाने. टॉवेलात गुंडाळून त्यांनी ते आतल्या खोलीत अंधारात ठेवलं, केळ्याची चकती ठेवली आणि संध्याकाळी गच्चीवरून सोडून दिलं. तोपर्यंत भाभी देवघरातून बाहेर आल्या नाहीत. इथपर्यंत ठीक होतं. पण इतक्या लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून शेठजींनी त्याला पिशवीभर मिरची दिली. झालं. भाव फुटला. एका वाघळाला एक पिशवी मिरची. त्यानंतरच्या आठवड्यात पायरीशी टोपल्यांची रांग लागली आणि धाकटा भाऊ शटर ओढून घरी निघून गेला.

शेठजी तसेच मोलगीला धावले. बाजारात एक औषधवाला भोंग्यावर दंतमंजन विकत होता. शेठजींनी त्याचा भोंगा मागून घेतला. काय बोलायचं हे त्यांनी जीपमध्ये माझ्यासमोर घोकलं होतं, की वाघूळ हा जीव आहे, त्याला पकडू नये. पण भोंगा तोंडाशी आल्यावर जन्माच्या सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, “वाघळांची खरेदी बंद आहे!”

गर्दीतून कोणीतरी विचारलं, “उघडेल कधी?”

आता निकिताचं सांगतो. निकिता ही त्यांची एकुलती एक मुलगी. सी.ए.च्या परीक्षा देऊन झाल्या होत्या. मला काका म्हणायची. सुरतच्या एका कापड-व्यापाऱ्याच्या मुलाशी तिची गाठ घालून देण्यात आली होती. दोघं भेटले, फोनवर बोलले, आवडले. शेठजींनी मुलाचा फोटो बघून एवढंच म्हटलं होतं, “कान मोठे आहेत. ऐकून घेणारा निघेल.” आता मुलाचे आई-वडील घर बघायला येणार होते. तिकडचं घर फार कडक, असं सगळे सांगत. आणि घरात वटवाघूळ म्हणजे अपशकुन हे तर सुरतेपासून भुसावळपर्यंत सगळेच मानतात.

भाभींचं म्हणणं होतं की पाटी उतरवून धुऊन घ्यावी, भाडेकरू जातील तिकडे जातील. शेठजी म्हणाले, “थंडीत कुठे जातील?” दोन दिवस घरात तहाची बोलणी चालली. शेवटी ठरलं. पाटी राहील, पण पाहुणे असेपर्यंत शेठजी वटवाघूळ हा शब्द काढणार नाहीत. पाकोळी नाही, वाघूळ नाही, कोणत्याच भाषेत नाही. दुर्बीण कपाटात.

आदल्या दिवशी निकिता गच्चीवर आली. “काका, जेवताना पप्पांच्या शेजारी बसा. काही बोलायला लागले की गुडघा दाबा. मला हे लग्न करायचंय, काका. खरंच करायचंय.”

ही जबाबदारी माझ्यासारख्याला देणं म्हणजे काय! मला रात्रभर झोप लागली नाही.

गाडी उशिरा आली. पाहुणे घरात पाय ठेवेपर्यंत ऊन उतरलं होतं. ताटं लावायची घाई झाली. मुलाची आई गॅलरीजवळून जाताना थबकली. कठड्यावर ते काळे दाणे. “उंदीर आहेत वाटतं घरात?”

“हो, हो, उंदीर,” भाभी पटकन म्हणाल्या. “बाजारातलं घर, होणारच.”

मी शेठजींकडे बघितलं. कोणी त्यांच्या मिरचीला लाकडाचा भुसा म्हटलं असतं तरी चेहरा एवढा पडला नसता. दोन बोटं आपोआप चुरडल्यासारखी हलली. मी शेजारीच बसलो होतो, गुडघा दाबला. त्यांनी बोटं मुठीत मिटून घेतली.

मुलाचे वडील भारदस्त गृहस्थ. बसल्या बसल्या त्यांना मिरचीचा ठसका लागला. “जरा ते दार उघडा,” ते म्हणाले, आणि भाभींनी त्यानंतर मुद्दाम लावून घेतलेलं गॅलरीचं दार मुलाच्या आईने उठून उघडलं. आता समोर रस्ता, तारा आणि पाटीची वरची कड. समोरच्या इमारतीमुळे सूर्य इथून दिसतच नाही. भिंतीवरचं कार्ड भाभींनी रंगकामासाठी काढून स्वयंपाकघरात नेलं होतं. पण पाहुण्यांना त्याची गरज नव्हती. त्यांच्या खिशात स्वतःचं कार्ड होतं, सुरतेचं. त्यांनी ते काढलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “पुष्कळ वेळ आहे.”

मारवाड्यांच्या घरात पाहुण्याला नुसतं वाढत नाहीत, मनवार करतात. नको म्हटलं तरी घास पुढे करायचा, शपथ घालायची, ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढायचं. शेठजी स्वतः तूप घेऊन फिरत होते. त्यांनी काही खाल्लं नव्हतं, कारण पाहुण्यांच्या आधी घरच्या माणसाने कसं खायचं? गट्ट्याची भाजी झाली, गरम फुलके झाले, मुगाचा शिरा आला. पाहुणे खुलले होते. मुलाच्या आईने निकिताला जवळ बसवून घेतलं होतं. सगळं जमत आलं होतं.

भाभींनी शिऱ्याचा मोठा घास स्वतः पुढे केला. “एक आमच्या हातचा. घ्यावाच लागेल.” पाहुण्यांनी हसत तोंड उघडलं, घास घेतला.

त्याच वेळी पाटीच्या कडेवरून एक पाकोळी खाली पडली आणि वळून गेली.

मला दिसली. शेठजींना दिसली, हेही मला दिसलं. ते लांब उभे होते, गुडघा माझ्या हाताच्या टप्प्यात नव्हता. तुपाचं भांडं त्यांच्या हातात कललं होतं आणि तूप सतरंजीवर सांडत होतं.

“व्याहीजी,” ते म्हणाले, “गिळू नका.”

मनवारीच्या घरात यजमानाने पाहुण्याला असं म्हटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. पाहुण्यांचे दोन्ही गाल शिऱ्याने फुगलेले. त्यांना बोलता येईना. त्यांनी भुवया उंचावल्या.

“सूर्य गेला,” शेठजी म्हणाले.

पाहुण्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं, मग खिशातलं कार्ड काढून ते हलवलं. गाल तसेच.

“ते सुरतचं आहे. सुरत पश्चिमेला. तुमचा सूर्य आमच्यानंतर मावळतो. इथे पाच-सहा मिनिटं आधी जातो.”

पाहुण्यांनी मानेने गॅलरीकडे खूण केली आणि हात पालथा केला. म्हणजे, इथून सूर्य दिसतच नाही, तुम्हाला कळलं कसं?

मी आयुष्यात फार कमी वेळा खोटं बोललो आहे, आणि प्रत्येक वेळ मला आठवते. मी म्हणालो, “कार्ड! स्वयंपाकघरात नंदुरबारचं कार्ड आहे, तिथे बघितलं शेठजींनी!”

शेठजींनी माझ्याकडे बघितलं. सुटायची वाट होती. नुसतं हो म्हणायचं होतं. पलीकडे मुलाच्या आईशेजारी बसलेली निकिता डोळ्यांनी विनवत होती.

“कार्ड नाही बघितलं,” शेठजी हळूच म्हणाले. “ज्याने सांगितलं त्याचं नाव घ्यायला पाहिजे. पाकोळीने सांगितलं. वटवाघूळ आहे. आमच्या पाटीमागे राहतं. आणि कठड्यावरचं ते उंदरांचं नाही.”

मुलाच्या आईचा हात निकिताच्या खांद्यावरून खाली आला.

पाहुणे उठले. तोंडात शिरा तसाच. गिळला तर नेम मोडतो, आणि होणाऱ्या व्याह्यांसमोर थुंकणार कसं? हात पुढे धरून, मान ताठ ठेवून, वरातीत चालावं तसे ते मोरीकडे गेले. दार लागलं. आम्ही सगळे त्या दाराकडे बघत बसलो. पाण्याचा आवाज आला. थांबला. परत आला.

बाहेर आले तेव्हा चेहरा धुतलेला होता. “कुठे आहे?” एवढंच विचारलं.

शेठजींनी त्यांना गॅलरीत नेलं. पाकोळ्या एकामागून एक पडत होत्या आणि वळत होत्या. पाहुणे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी कार्ड पुन्हा काढलं, डोळ्यांजवळ धरलं.

“मी या लाइनवर वर्षानुवर्षं फिरतोय,” ते स्वतःशीच म्हणाले. “जळगाव. भुसावळ. सगळीकडे हेच कार्ड.”

इथे कोणीही गप्प बसला असता. शेठजी म्हणाले, “भुसावळला तर अजून आधी मावळतो.”

पाहुण्यांचा रंग उतरला. ते बायकोला म्हणाले, “चला.” आणि परतीच्या गाडीला वेळ असतानाही ते स्टेशनवर जाऊन बसले. हो नाही, ना नाही.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. निकिता खोलीतून बाहेर येईना. सुरतेचा मुलगाही फोनवर एवढंच सांगायचा की पप्पा कोणाशी बोलत नाहीत. भाभी शेठजींशी बोलत नव्हत्या. मला वाटलं रागाने. पण एकदा जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

“भाऊसाहेब, मलाही माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “कार्ड स्वयंपाकघरातच होतं. वेळ झाली होती. तरी मी घास भरवला. पोरीचं जमू दे, पाप मला लागू दे, असं म्हटलं.” पदराने डोळे पुसत त्या वर गेल्या.

शेठजी संध्याकाळी पाटीखाली उभे असायचे, पण दुर्बीण डोळ्यांना लावत नव्हते. “साहेब, मी चुकलो का?” मी म्हटलं, “मला विचारू नका. मला कशातही मीच चुकलो असं वाटतं.” ते पहिल्यांदा थोडं हसले.

मग एका संध्याकाळी सुरतेहून फोन आला. शेठजींचं जेवण नुकतंच उरकलं होतं. मी भाडं द्यायला... खरं तर मी निकिताची चौकशी करायला गेलो होतो. शेठजींनी फोन उचलला आणि सगळं घर दारात गोळा झालं.

“जय जिनेंद्र व्याहीजी... हो... हो... प्रायश्चित्त घेतलं? महाराजसाहेब काय म्हणाले?... एकासणं? दिवसातून एकदाच जेवण, सगळं वर्षभर?... चांगलं, चांगलं...” मग एकदम त्यांचा आवाज चढला. “काय? कुठे?... तुमच्या गोदामाच्या शटरमागे? चुरडून बघितलं?... भुगा झाला? चमकलं? अहो मग तेच! नाही, नाही, उंदीर नाही! कान बघितले का? नाव सोडा हो, आधी उड्डाण सांगा. वळतं का सरळ जातं?”

भाभी हातवारे करत होत्या, विचारा, विचारा! निकिताने ओढणीचं टोक दातांत धरलं होतं. शेठजी भान विसरून कानांचे आकार समजावत होते, हवेत बोटाने काढून दाखवत होते, जणू सुरतेला ते दिसणार होतं. शेवटी म्हणाले, “अंधार पडायच्या आत पुन्हा बघा, मला कळवा,” आणि फोन ठेवला.

“काय म्हणाले?” भाभींनी विचारलं. किती दिवसांनी त्या नवऱ्याशी बोलत होत्या, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

“पाकोळ्याच आहेत,” शेठजी आनंदाने म्हणाले. “फक्त आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या वाटतात.”

“आणि लग्न?”

शेठजींचं तोंड उघडं राहिलं. “ते... ते विचारायचं राहिलं.”

निकिताने वडिलांच्या हातातून फोन घेतला आणि स्वतः लावला. “जय जिनेंद्र. मी निकिता बोलतेय. पप्पा विचारायला विसरले. तुमचं हो आहे की नाही?”

पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत होतं. तिने डोळे मिटले, मग हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

“ते म्हणतात, मुहूर्त काढूनच फोन केला होता. पाकोळ्यांच्या नादात सांगायचंच राहिलं. म्हणतात, सगळे खायला घालणारे भेटतात, थांबवणारं घर कुठे मिळतं.”

भाभींनी हात जोडले. “कधीचा मुहूर्त?”

“पुढच्या महिन्यातला. गोरज.”

गोरज म्हणजे ऐन दिवस मावळताना. शेठजींच्या कपाळावर आठी पडली. “गोरज? तीच तर वेळ... दुसरा कुठला मुहूर्त निघत नाही का?”

“सुणो हो!” भाभी ओरडल्या.

निकिता वडिलांसमोर येऊन उभी राहिली. तिने त्यांची हनुवटी धरून चेहरा खाली वळवला. “पप्पा, त्या दिवशी वर नाही बघायचं. माझ्याकडे बघायचं.”

“बरं.”

“आतापासून सवय करा.”

शेठजी तिच्याकडे बघत उभे राहिले. कान बघितले असतील, नाक बघितलं असेल, काय ते त्यांनाच माहीत. पण नजर हलली नाही. त्यांची पाठ गॅलरीकडे होती आणि बाहेर पाटीमागून पाकोळ्या निघायला लागल्या होत्या. मला दिसत होत्या. मी कोणाला सांगितलं नाही, आणि त्याचं मला अजूनपर्यंत काही वाटलेलं नाही.